राजाश्रय आणि वाचकाश्रय : धार-देवासच्या मराठी ग्रंथजीवनाचा एक विचार

१

धार आणि देवास या दोन गावांच्या वाङ्मयीन जीवनाविषयी बोलण्याचा प्रसंग आला, की वक्ता प्रथम भोजराजाचे स्मरण करतो, मग पवारांच्या राजाश्रयाचा गौरव करतो, आणि शेवटी ‘आता ते दिवस राहिले नाहीत’ असा सुस्कारा टाकून खाली बसतो. गेली तीस वर्षे शारदोत्सवांत, सत्कारसमारंभांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत आम्ही हे भाषण ऐकत आलो आहोत. एकदोन वेळा ते आम्ही स्वतःही केले आहे. या भाषणातील तपशील बहुधा खरे असतात. चूक असते ती त्यांच्यामागच्या कल्पनेत. कोणी तरी देणाऱ्याने दिले म्हणजे वाङ्मय वाढते आणि देणारा गेला की ते सुकते, अशी ती कल्पना आहे. ती एकदा मान्य केली म्हणजे आपणांस करण्यासारखे काही उरतच नाही, आणि तिची खरी गोडी बहुधा येथेच असावी.

प्रस्तुत लेखात आम्ही या कल्पनेची परीक्षा करू इच्छितो. आमच्या मते या दोन गावांत राजाश्रयाने काही लेखक पोसले हे खरे. परंतु ग्रंथ पोसले ते वाचकांनी, आणि तेही मोहल्ल्यामोहल्ल्यातील अगदी सामान्य वाचकांनी. आज जो ऱ्हास दिसतो त्याचे कारण राजवाड्यात शोधण्यापेक्षा घरातल्या बंद कपाटात शोधले पाहिजे. हा निव्वळ सामाजिक प्रश्न आहे असे कोणी समजू नये. भास्कर रामचंद्र तांबे यांच्यासारख्या कवीचे मूल्यमापन आपण कसे करतो, याच्याशी त्याचा निकट संबंध आहे.

२

प्रथम भोजराजाविषयी. अक्षरागणिक लक्ष नाणी देणारा राजा, आणि त्याच्या दरबारात कालिदास, बाण, भवभूती अशा निरनिराळ्या शतकांतील कवींची एकत्र बैठक, हे आपल्या मनातले चित्र बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’ने रेखाटलेले आहे. तो ग्रंथ सोळाव्या शतकातला. म्हणजे भोजानंतर सुमारे पाचशे वर्षांनी रचलेला. अकराव्या शतकातील खुद्द भोजाची ओळख करून घ्यायची तर त्याच्या ‘शृंगारप्रकाशा’कडे गेले पाहिजे. छत्तीस प्रकाशांच्या या प्रचंड ग्रंथासाठी व्ही. राघवन यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला आणि त्यांच्या अभ्यासास १९६६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या ग्रंथात संस्कृत आणि प्राकृत काव्यनाटकांतील असंख्य उदाहरणे पानोपानी आली आहेत. काही कृती तर आज केवळ तेथल्या अवतरणांमुळेच आपणांस ठाऊक आहेत. एखाद्या मनुष्याने किती वाचावे, किती लक्षात ठेवावे आणि वाचलेल्याची किती बारकाईने वर्गवारी करावी, याचे हे विलक्षण उदाहरण होय. दंतकथेने दाता भोज जपला आणि वाचक भोज विसरला. धारानगरीच्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या दोघांतील दुसऱ्याला अधिक मान द्यावा, असे आम्हांस वाटते.

दुसरे उदाहरण धारेतल्याच एका शिळेचे. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने तेराव्या शतकाच्या आरंभी ‘पारिजातमंजरी’ नावाची चार अंकी नाटिका रचली आणि ती दगडावर कोरविली गेली. १९०३ साली भोजशाळेत जी शिळा उजेडात आली तीवर या नाटिकेचे पहिले दोनच अंक आहेत. उरलेले दोन आजतागायत हाती लागलेले नाहीत. ही शिळा विद्वानांच्या नजरेस आणली ती काशिनाथ कृष्ण लेले यांनी. लेले धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधीक्षक होते. राजाज्ञेने दगडावर कोरलेला ग्रंथ कित्येक शतके न वाचता पडून राहतो, आणि शिक्षणखात्यातला एक मनुष्य तो वाचू लागतो तेव्हा तो पुन्हा ग्रंथ होतो. कोरणे हे राजाचे काम झाले. वाचणे राहिले असते तर दगड दगडच राहिला असता.

३

आता पवारांच्या काळाकडे येऊ. देवास संस्थानची स्थापना १७२८ ची. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन बंधूंच्या वंशांत ते विभागले गेले आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदू लागली. राजवाडे दोन, दरबार दोन, कारभार दोन. टेकडीवरची देवी मात्र दोघांची. १९४८ साली ही दोन्ही राज्ये आणि धारही मध्यभारतात विलीन झाली.

या देवासास जागतिक वाङ्मयात स्थान मिळाले ते एका इंग्रज लेखकामुळे. ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या प्रवासात प्रथम देवासला आले आणि १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. १९२४ साली त्यांची ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि देवासच्या आठवणींचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली आले. १९२१ च्या गोकुळाष्टमीचे वर्णन आठवणींत सविस्तर आहे, आणि कादंबरीच्या अखेरच्या भागातील जन्मोत्सव त्याच अनुभवातून उभा राहिला आहे. त्या उत्सवात गोडबोले नावाचे मराठी अध्यापक टाळ घेऊन उभे आहेत आणि तुकारामाच्या नावाचा गजर चालला आहे. विसाव्या शतकातील एका श्रेष्ठ इंग्रजी कादंबरीत तुकोबांचे नाव गाजते आहे आणि ते आमच्या गावच्या उत्सवातून तेथे पोचले आहे, याचा आनंद कोणास होणार नाही?

परंतु याच कादंबरीत आणखी एक तपशील आहे आणि त्याकडे आमच्या व्यवसायातील मंडळींनी डोळेझाक करू नये. गोडबोले पुढे त्या संस्थानचे शिक्षणमंत्री होतात. मोठ्या थाटाच्या नावाचे एक हायस्कूल काढण्याची त्यांची योजना असते. काही काळाने त्यांचे जुने प्राचार्य संस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यास येतात, तेव्हा त्या हायस्कूलचे धान्यकोठार झालेले असते. फॉर्स्टर येथे हसतात. पण ते हसू कुत्सित नाही. गोडबोल्यांचे भजनातले तादात्म्य ज्या सहानुभूतीने रंगविले आहे, त्याच सहानुभूतीने त्यांचे हे अपयशही सांगितले आहे. भक्ती उत्कट, उत्सव भव्य आणि शाळेत धान्य : राजाश्रयी संस्कृतीचे याहून नेमके चित्र आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

राजाश्रय सर्वथा निष्फळ असतो, असे आमचे म्हणणे नाही. बडोद्यास सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने गावोगाव वाचनालये उभारण्याचा उपक्रम हाती घेतला. हाही राजाश्रयच होता. परंतु त्याचा पैसा वाचक घडविण्यासाठी खर्च झाला. धारेसही राजाश्रयाने काही चांगले घडले. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविणारे रघुनाथ कृष्ण फडके धारेस येऊन राहिले, १९६१ साली पद्मश्री झाले आणि अखेरपर्यंत धारेचेच राहिले. मात्र एखादा गुणी मनुष्य आणून बसविणे वेगळे आणि शंभर घरांत पुस्तक पोचविणे वेगळे. पहिले काम आमच्या संस्थानांनी आवडीने केले. दुसरे त्यांनी लोकांवर सोडले आणि लोकांनी ते केले, हे पुढे दिसेल.

४

तांब्यांचा विचार करताना हा भेद विशेष उपयोगी पडतो. भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म १८७३ साली ग्वाल्हेरजवळच्या मुगावलीचा. त्यांचे शिक्षण झाशी व देवास येथे झाले, आणि देवासच्या युवराजांचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले. पुढे मध्य हिंदुस्थानातील संस्थानांत नाना प्रकारच्या नोकऱ्या करीत ते ग्वाल्हेरीस स्थिरावले, तेथील राजकवी झाले आणि १९४१ साली निवर्तले. या चरित्रावरून समीक्षकांनी त्यांच्यावर ‘संस्थानी कवी’ हा शिक्का मारला. पुण्यामुंबईच्या चळवळींपासून दूर, सुखवस्तू, दरबारी वातावरणात रमलेला, सौंदर्य आणि प्रणय यांचा गायक असे त्यांचे वर्णन पाठ्यपुस्तकांत येते, आणि आम्हीही ते अनेक वर्षे फळ्यावर लिहून दिले आहे.

या वर्णनाविरुद्ध एक साधी गोष्ट उभी राहते. तांब्यांच्या काव्यग्रंथांचा इतिहास पाहा. त्यांचा पहिला संग्रह १९२० साली निघाला, तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटली होती. आणि तो संपादून काढला वासुदेव गोविंद मायदेव यांनी. १९३५ साली ‘तांबे यांची समग्र कविता’ प्रसिद्ध झाली ती माधव जूलियन यांच्या संपादनाने. राजकवीचे ग्रंथ राजांनी काढले नाहीत. ते दूरच्या वाचकांनी, स्वतः कवी असलेल्या वाचकांनी, गोळा केले, लावले आणि छापविले. पुढे बा. भ. बोरकर गोव्यात बसून तांब्यांना गुरुस्थानी मानतात, तेही वाचूनच. माळव्याच्या आणि गोव्याच्या मराठीची गाठ ज्या पुस्तकाने घातली, त्या पुस्तकाला कोणत्याही दरबाराची शिफारस नव्हती.

आणखी एक मुद्दा काव्यगुणांचा. तांब्यांचे नाव काढले की आपण ‘गेयता’ हा शब्द उच्चारतो आणि थांबतो. त्यांच्या रचनेवर हिंदुस्थानी संगीताचा संस्कार आहे, हे निर्विवाद. परंतु त्यांनी ब्राउनिंगपासून स्फूर्ती घेऊन मराठीत ‘नाट्यगीत’ हा जो प्रकार रुजविला, त्याचे मर्म केवळ कानांना कळत नाही. नाट्यगीतात कोणी एक व्यक्ती एका विशिष्ट क्षणी दुसऱ्या कोणाशी बोलत असते. बोलणारे कोण, ऐकणारे कोण, आधी काय घडले आहे, हे सर्व वाचकाने शब्दांच्या फटींतून काढून घ्यायचे असते. गाण्याच्या सोयीसाठी तीन कडवी ठेवून बाकीची गाळली, की चाल राहते आणि प्रसंग जातो. मग विधवेची, अभिसारिकेची किंवा मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या वृद्धाची वाणी एकसारखीच ‘गोड’ वाटू लागते. तांबे सुखवस्तू कवी वाटतात याचे एक कारण आमच्या मते हेच की, ते ऐकले फार जातात आणि वाचले कमी जातात. म्हणून तांब्यांच्या वाचकाचे काय झाले, हा प्रश्न आम्ही साहित्याच्या इतिहासातलाच प्रश्न समजतो.

५

हा वाचक राहत होता कोठे? आम्ही आमच्या माहितीपुरते सांगतो. देवासास टेकडीच्या पायथ्याशी ज्या गल्लीत आमचे बालपण गेले, तेथे मराठी बिऱ्हाडे पंधरावीस असतील. कोणी जुन्या संस्थानी नोकरांचे वंशज, कोणी शाळामास्तर, कोणी टपालखात्यात, कोणी नव्या कारखान्यांत लागलेले. गावात मराठी पुस्तकांचे दुकान नव्हते. पुस्तक हवे तर इंदूरला जावे लागे किंवा पुण्यामुंबईहून व्ही. पी. ने मागवावे लागे. कोणाचा आश्रय नसल्यामुळे या घरांनी आपली व्यवस्था आपणच लावली होती. दिवाळी आली की प्रत्येक घराने एक अंक घ्यायचा, आणि कोणी कोणता घ्यायचा हे दसऱ्यालाच ठरायचे, म्हणजे तोच अंक दोन घरांत येऊ नये. ‘मौज’ एका घरी, ‘दीपावली’ दुसऱ्या घरी, ‘हंस’ तिसऱ्या घरी. ‘आवाज’ ज्या घरी येई तेथे मुलांना त्या दिवसांत उगाच जाऊ देत नसत. त्यातल्या खिडक्यांच्या चित्रांची आम्हांस अर्थातच सर्व माहिती होती. कार्तिकात निघालेले अंक घरोघर फिरत फिरत गुढीपाडव्याला मूळ घरी परत येत.

पुस्तके नेण्याआणण्याचे काम एक काकू करीत. खादीच्या पिशवीत चारपाच पुस्तके घालून त्या गुरुवारी दुपारी निघत. “बाळ, आईचं वाचून झालं का? उद्या पुढच्या घरी द्यायचंय,” एवढेच त्यांचे बोलणे, पण त्यांच्या धाकाने कितीतरी पुस्तके वेळेत वाचून होत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्याने तारीख घालायची आणि वाटल्यास एक ओळ लिहायची, असा त्यांचा दंडक होता. ‘मधला भाग फार लांबला आहे.’ ‘नायिकेचे वागणे पटले नाही.’ ‘रात्री जागून संपविले, डोळे दुखतात.’ आम्ही पुढे पदवीसाठी टीकाशास्त्राचे ग्रंथ वाचले. परंतु आपले मत आपल्या नावाने आणि दुसऱ्याच्या मताशेजारी लिहावे, हा समीक्षेचा पहिला धडा आम्हांस त्या शेवटच्या पानांनी दिला.

धारेच्या जुन्या वस्तीत आमचे आजोळ. तेथे याच गोष्टीचे रूप थोडे निराळे होते. गणेशोत्सवाच्या मंडळाचे एक शिसवी कपाट होते आणि त्यात उत्सवाच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांची पुस्तके. आरास, पुजारी, वाजंत्री यांचा खर्च भागून जे उरेल ते ग्रंथांचे. उरत असे थोडेच. तरी हरिभाऊ आपट्यांपासून खांडेकरांपर्यंतच्या कादंबऱ्या आणि तांब्यांची समग्र कविता त्या कपाटात होती. संध्याकाळी ओसरीवर कोणी तरी मोठ्याने वाचायचे आणि ज्यांना वाचता येत नव्हते किंवा डोळ्यांनी दिसत नव्हते, त्यांनी ऐकायचे.

या व्यवस्थेचे दोष आम्हांस ठाऊक आहेत. ती मूठभर जातींच्या घरांपुरती होती. शेजारच्या मालवी बोलणाऱ्या घरांत ती पिशवी कधी गेली नाही. निवडही बहुधा कादंबरीकडे झुकलेली असे. पण तिला मालक नव्हता, अनुदान नव्हते आणि अध्यक्षही नव्हता. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक वाचनालयांना सरकारी साहाय्याचा आधार मिळाला. राज्याबाहेरच्या आमच्या कपाटांना तो कायदा लागू नव्हता. तरीही ती कपाटे पुढे किती तरी वर्षे उघडी राहिली, कारण किल्ली वाचणाऱ्यांकडे होती.

६

मग ती बंद का झाली? याचे नेहमीचे उत्तर असे : १९५६ साली मध्यप्रदेश झाला, हिंदी राज्यभाषा झाली, मुले हिंदी शाळांत गेली आणि मराठी संपली. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. हिंदीने माळव्यातील मराठी प्रतिभा संपविली, असे पुरावा पाहता म्हणता येत नाही. अज्ञेयांनी संपादिलेल्या १९४३ च्या ‘तारसप्तका’तील सात कवींमध्ये गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी घरांतले. गजानन माधव हिंदीतले थोर कवी झाले. त्यांचेच धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, आणि १९७९ साली त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच घरातले दोन भाऊ, दोन भाषा, आणि दोन्ही भाषा श्रीमंत झाल्या. शरच्चंद्रांच्या तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतील पहिली, १९५४ ची ‘क्षिप्रा’, हिचे नावच आमच्या नदीचे आहे. इंदूर-देवासच्या शिवारांतून उज्जैनकडे वाहत जाणाऱ्या या नदीच्या नावाची कादंबरी आज देवासच्या किती मराठी घरांत आहे? लेखकाने आपले काम केले. तेथे कमी पडतो तो वाचक.

याच ठिकाणी कुमार गंधर्वांचा उल्लेख केला पाहिजे. जन्माने कानडी, गाण्याची तालीम मुंबईत झालेली, असे कुमारजी १९४८ साली क्षयरोगावर हवापालट म्हणून देवासला आले आणि १९९२ साली अखेरचा श्वासही त्यांनी तेथेच घेतला. अंथरुणावर पडल्या पडल्या मालवी लोकगीते ऐकून त्यांनी त्यांतून नवे राग घडविले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ मुंबईच्या मौजेने प्रसिद्ध केला. तांब्यांच्या कवितांवर त्यांनी ‘तांबे गीत रजनी’ हा कार्यक्रम बांधला. ज्या गावात तांबे शिकले आणि शिकविते झाले, त्याच गावात बसून एका कानडी गायकाने त्यांची कविता पुन्हा उभी करावी, हा योग मोठा आहे. आमच्या मते तो कार्यक्रम म्हणजे तांब्यांवरील एक समीक्षाच होती. कोणती गीते घ्यावी, कोणत्या क्रमाने मांडावी, कोणत्या शब्दावर थांबावे, याचा निर्णय ज्याने पुस्तक बारकाईने वाचले आहे तोच घेऊ शकतो.

पण याचा परिणाम आमच्यावर काय झाला? कुमारजींनी वाचून गायिले आणि आम्ही ऐकून वाचणे सोडले. गाणे मिळाल्यावर पुस्तकाची गरज उरली नाही, असे आम्ही समजलो. माळव्यातील मराठीपण आज गाण्यात आहे, गणपतीत आहे, पुरणपोळीत आहे, हळदीकुंकवात आहे. ग्रंथ तेवढा त्यातून अलगद निसटला. भाषा घरात बोलली जाते म्हणून ती जिवंत आहे, असा आपला समज असतो. बोलणे दोनतीन पिढ्या टिकतेही. पण ज्या भाषेत मनुष्य वाचत नाही, त्या भाषेत तो हळूहळू केवळ जेवणाखाणाचे आणि पाव्हण्यारावळ्यांचेच बोलू लागतो. विचार करण्यासाठी दुसरीकडे जातो. हिंदी शाळेने आमच्या मुलांना वाचायला शिकविले. मराठी वाचू नका, असे तिने कोणास सांगितले नव्हते.

७

येथे आमचा स्वतःचा एक अपराध सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत नव्याने मुख्याध्यापक झालो. तेथे जुन्या काळचे दोन कपाटभर मराठी ग्रंथ होते. कोणी मागत नव्हते. काही वाळवीने खाल्ले होते. त्याच सुमारास मोफत वाटपाच्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आले आणि ते ठेवण्यास कोरडी जागा दुसरी नव्हती. निर्लेखनाच्या यादीवर आम्ही सही केली. ग्रंथ रद्दीच्या भावाने गेले. फॉर्स्टरच्या कादंबरीतील शाळेत निदान धान्य तरी भरले होते; आम्ही पुस्तके काढून पुस्तकेच भरली, म्हणून आमच्या मनाला त्या वेळी टोचणी लागली नाही. पुढे कित्येक महिन्यांनी आमच्या मेजाच्या खणात एक पुस्तक सापडले. चाळण्यासाठी म्हणून आम्हीच बाजूला ठेवलेली ती तांब्यांची समग्र कविता होती. शेवटच्या पानावर निरनिराळ्या हस्ताक्षरांत तारखा होत्या. शेवटची तारीख आमच्या जन्माच्याही आधीची. मागणारे कोणी नाही असे आम्ही यादीवर लिहिले होते. मागण्यासारखे वर्गात काही सांगितले होते का, हे आम्ही स्वतःस विचारले नव्हते.

देवासास १९७४ सालापासून बँक नोट प्रेस आहे. त्या नोटांवर पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते आणि त्यांत मराठीही आहे. आमच्या गावात छापला जाऊन देशभर पोचणारा मराठी मजकूर तो एवढाच, असे कोणी विनोदाने म्हटले तर आम्हांस उत्तर सुचणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला; आमच्याकडेही पेढे वाटले गेले. अखिल भारतीय साहित्य संमेलन इंदूरला १९१७, १९३५ व २००१ असे तीनदा, ग्वाल्हेरीस १९६१ साली आणि भोपाळला १९६७ साली भरले. हे सर्व भूषणावह आहे. मात्र दर्जा आणि संमेलन हीदेखील राजाश्रयाचीच नवी रूपे आहेत, हे विसरून चालणार नाही. त्यांनी मान मिळतो; वाचक मिळत नाही.

वाचक मिळविणे आम्ही समजतो तितके अवघड आहे काय? हिंदी शाळेतील मुलाला देवनागरी येते. ‘ळ’ त्याला नवा वाटेल म्हणावे, तर मालवी बोलीत तो घरोघर ऐकू येतो. फक्त हिंदीच्या पुस्तकात दिसत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन ‘च’ वेगळे उच्चारायचे, आणि ‘घोडा’चे ‘घोड्याला’ का होते हे समजावून घ्यायचे, एवढी तयारी थोड्या आठवड्यांत होते. लिपीची भिंत बंगाली किंवा तमिळ शेजाऱ्याला आडवी येईल. आमच्या मुलांपुढे ती नाहीच. ही सोय देशात फार थोड्या भाषिकांना आहे आणि आम्ही ती वाया घालविली.

म्हणून अकादमीस आणि शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंती मोजकी आहे. धार-देवासच्या घरांत आणि देवळांत जी मराठी पुस्तके उरली आहेत त्यांची, शेवटच्या पानांवरील शेऱ्यांसह, यादी व्हावी. आमच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिताना लेखकांच्या चरित्रांइतकेच ते शेरे उपयोगी पडतील. तांब्यांच्या निवडक नाट्यगीतांची, अवघड शब्दांना हिंदीत अर्थ दिलेली, छोटी आवृत्ती निघावी. आणि जुन्या पिशवीने जी चूक केली ती नव्या पिशवीने करू नये; ती मालवी घरांतही जावी.

आम्ही सध्या रविवारी सकाळी आठनऊ मुलांना घेऊन बसतो. मेजाच्या खणातले तेच पुस्तक मध्ये ठेवलेले असते. पहिल्या रविवारी एक नाट्यगीत वाचून झाल्यावर एका सातवीतल्या मुलीने आमच्या इकडच्या मराठीत विचारले, “सर, हे कोण बोलून राहिलं आहे? आणि कोणाशी?” तांब्यांवरील अनेक व्याख्याने आम्ही ऐकली; हा प्रश्न त्यांतल्या फार थोड्यांनी विचारला होता. उत्तर शोधण्यात तो सगळा तास गेला, आणि मुलांचे एकमत झाले नाही. शेवटच्या पानावर जुन्या तारखांच्या खाली तिने त्या दिवसाची तारीख घातली. शेजारी काय लिहावे ते तिला त्या दिवशी सुचले नाही. ती जागा आम्ही मोकळी ठेविली आहे.